औषधनिर्माणशास्त्राचा प्रवेश आणि परीक्षेतील गुण

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : ‘आता पुढे काय?’ विज्ञानशाखेकडे वळणाऱ्यांपुढे बहुधा दोनच नावे उभी राहतात. एक वैद्यकीय, दुसरे अभियांत्रिकी. या दोहोंच्या मध्ये तितकीच उपयुक्त आणि तितकीच मानाची अशी तिसरी एक वाट आहे, तिच्याकडे आपल्या भागातील फार थोड्यांचे लक्ष जाते. ती वाट म्हणजे औषधनिर्माणशास्त्र, अर्थात फार्मसी. या वाटेच्या तोंडाशी प्रवेश-परीक्षा उभी आहे. तिच्यात मिळालेल्या गुणांचा प्रवेशाशी नेमका संबंध काय, याविषयी विद्यार्थ्यांत आणि पालकांतही बरेच गैरसमज आढळतात. ते दूर करावेत आणि खानवेलसारख्या सीमेवरच्या गावातील विद्यार्थ्यास उपयोगी पडेल अशी माहिती क्रमवार द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

औषधनिर्माता कोण?

औषधाच्या दुकानात बाटली काढून देणारा मनुष्य, एवढीच कल्पना आपल्याकडे या व्यवसायाविषयी असते. ती अपुरी आहे. औषधाचे रसायन काय, ते शरीरात कसे शोषले जाते, कोणत्या मात्रेत ते गुणकारी व कोणत्या मात्रेत घातक, दोन औषधे एकत्र घेतल्यास काय होते, कोणते औषध उन्हात ठेवल्याने निकामी होते, या सर्वांचे ज्ञान ज्याला असते तो औषधनिर्माता होय. आपल्या देशात या व्यवसायाला १९४८ च्या औषधव्यवसाय कायद्याने, म्हणजे फार्मसी ॲक्टने, शिस्त लावली. त्याच कायद्यान्वये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली. नोंदणीकृत औषधनिर्मात्यावाचून इतरांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून वा मोजून देऊ नये, असे त्या कायद्याचे ४२ वे कलम सांगते. रुग्णास औषधाविषयी समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्यच आहे, असे २०१५ च्या व्यवसाय-विनियमांनी पुढे स्पष्ट केले.

हे ‘समजावून सांगणे’ आपल्या भागात किती महत्त्वाचे आहे, याचा थोडा विचार करावा. दादरा व नगर हवेलीत वारली, कोकणा, धोडिया, काथोडी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. या समाजांत सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक विकार, आढळतो. त्यावर दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध दीर्घकाळ, नियमित आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडून चालत नाही. क्षयरोगाच्या औषधांचेही असेच आहे. खानवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात दुधनी-मांदोनीच्या बाजूने येणाऱ्या वृद्ध आजीला हे सर्व तिच्याच बोलीत सांगणारा औषधनिर्माता असणे आणि परक्या भाषेत दोन शब्द बोलून पुडी हाती देणारा असणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच येथील मुलामुलींनी या शास्त्राकडे वळावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

अभ्यासक्रमांचे तीन मार्ग

या विद्येचे तीन मार्ग आहेत. पहिला पदविकेचा, डी.फार्म. या नावाने ओळखला जाणारा. तो दोन वर्षांचा असून त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. औषधनिर्माता म्हणून नोंदणी होण्यास लागणारी किमान विद्या हीच. दुसरा पदवीचा, बी.फार्म., चार वर्षांचा व आठ सत्रांचा. तिसरा फार्म.डी., सहा वर्षांचा. त्यातील पाच वर्षे अध्ययन व शेवटचे एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारी.

या सर्वांसाठी बारावी विज्ञानशाखेतून उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन विषय हवेतच. त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असला तरी चालतो. पदवीसाठी इंग्रजी हाही एक विषय असावा लागतो. जीवशास्त्र सोडलेल्याने घाबरण्याचे कारण नाही आणि गणित सोडलेल्यानेही नाही. परिषदेच्या अभ्यासक्रमातच पहिल्या सत्रात गणितवाल्यांसाठी जीवशास्त्राचा व जीवशास्त्रवाल्यांसाठी गणिताचा पूरक विषय ठेवलेला आहे. ज्याची बाजू लंगडी आहे ती तेथे सावरून घेता येते.

पात्रता वेगळी, क्रम वेगळा

आता मुख्य विषयाकडे वळू. प्रवेशाच्या व्यवहारात गुणांची दोन निरनिराळी कामे असतात, ही गोष्ट प्रथम नीट ध्यानात घ्यावी. एक काम पात्रता ठरविण्याचे आणि दुसरे क्रम ठरविण्याचे. या दोहोंची गल्लत झाली की विद्यार्थ्याची सारी गणिते चुकतात.

महाराष्ट्रातील बी.फार्म.चे उदाहरण घेऊ. तेथे बारावीचे गुण पात्रतेसाठी लागतात. ठरलेल्या तीन विषयांत मिळून सर्वसाधारण विद्यार्थ्यास किमान ४५ टक्के व त्या राज्यातील मागासवर्गीयास ४० टक्के गुण असावेत, असा तेथील नियम आहे. हा उंबरठा ओलांडला की बारावीच्या गुणांचे मुख्य काम संपले. त्यानंतर गुणवत्ता यादीत कोण पुढे आणि कोण मागे, हे सामायिक प्रवेश-परीक्षेवरून, म्हणजे एम.एच.टी.-सी.ई.टी.वरून, ठरते. बारावीत ८५ टक्के मिळविलेला आणि प्रवेश-परीक्षेकडे दुर्लक्ष केलेला विद्यार्थी हा बारावीत ६० टक्के मिळवून प्रवेश-परीक्षा मन लावून दिलेल्या विद्यार्थ्याच्या मागे पडतो. यात अन्याय नाही. दोन परीक्षांची दोन प्रयोजने आहेत, इतकेच.

उलट, प्रवेश-परीक्षेत उत्तम यश मिळाले तरी बारावीच्या ठरलेल्या विषयांत ४५ टक्के न झाल्यास तो विद्यार्थी दाराबाहेरच राहतो. तेव्हा एक परीक्षा दार उघडते आणि दुसरी रांगेतली जागा देते, असे समजावे. शेजारच्या गुजरातेत याहून निराळी रीत आहे. तेथे पदवी-प्रवेशाची गुणवत्ता ठरविताना बारावीचे गुण आणि ‘गुजसेट’ या प्रवेश-परीक्षेचे गुण यांचा ठराविक प्रमाणात मिलाफ करतात. म्हणजे तेथे बारावीचा प्रत्येक गुण शेवटपर्यंत मोजला जातो. आपण कोणत्या दारी जाणार, हे आधी ठरले तर कोणत्या परीक्षेवर किती भर द्यावा हेही ठरते.

परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्राची ही प्रवेश-परीक्षा राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. तिचे दोन गट आहेत : भौतिक, रसायन व गणित हा एक, आणि भौतिक, रसायन व जीवशास्त्र हा दुसरा. फार्मसीसाठी यांपैकी कोणताही गट चालतो. परीक्षा एकूण २०० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ५० व रसायनशास्त्राचे ५० प्रश्न एकेका गुणाचे असून या शंभर प्रश्नांना मिळून ९० मिनिटे असतात. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे व त्यांस ९० मिनिटे. जीवशास्त्राचे १०० प्रश्न एकेका गुणाचे व त्यांसही ९० मिनिटेच. प्रश्न बहुपर्यायी असतात. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. अभ्यासक्रमात अकरावीचा भार सुमारे २० टक्के आणि बारावीचा सुमारे ८० टक्के असतो.

या कोरड्या आकड्यांतून काही उपयुक्त निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जीवशास्त्र (अथवा गणित) हा एकटा विषय १०० गुणांचा, म्हणजे निम्म्या परीक्षेइतका आहे. दुसरा असा की, भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांच्या एका प्रश्नास सरासरी ५४ सेकंद मिळतात, तर गणिताच्या एका प्रश्नास १०८ सेकंद. पाठांतर असूनही वेग नसेल तर पेपर अपुरा राहतो. तिसरा असा की, चुकीबद्दल दंड नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे शहाणपणाचे नाही. चार पर्याय असलेल्या दहा प्रश्नांची उत्तरे निव्वळ अंदाजाने दिली, तरी सरासरीने दोन-अडीच उत्तरे बरोबर येतात. त्यांतील दोन पर्याय निश्चित चूक आहेत एवढे जरी ओळखता आले, तरी हीच सरासरी पाचावर जाते. अर्धवट ज्ञानासही येथे काही किंमत आहे. तथापि अंदाज हा शेवटच्या पाच मिनिटांचा सोबती आहे, अभ्यासाची जागा तो घेऊ शकत नाही.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या परीक्षेत भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी, मराठी व उर्दू या भाषांत उपलब्ध असतात. गणिताची मात्र केवळ इंग्रजीत. पुढे महाविद्यालयातील अध्यापन व परीक्षा इंग्रजीतूनच होतात. म्हणून शास्त्रीय संज्ञा दोन्ही भाषांत शिकण्याची सवय नववीपासूनच लावून घ्यावी. ‘आम्ल’ म्हणजे ॲसिड, ‘विकर’ म्हणजे एन्झाइम, ‘द्रावणीयता’ म्हणजे सोल्युबिलिटी, अशी जोडशब्दांची वही प्रत्येकाने ठेवावी. अर्थ मराठीत समजलेला असला की इंग्रजी शब्द केवळ नवे नाव होऊन येतो, नवे संकट होऊन येत नाही.

टक्के आणि पर्सेंटाइल

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो येथे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत घेतली जाऊ लागली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एकीचे प्रश्न थोडे सोपे, दुसरीचे थोडे कठीण असे होणारच. अशा वेळी नुसते गुण शेजारी ठेवून तुलना केली तर कठीण पत्रिका वाट्यास आलेल्यावर अन्याय होईल. तो टाळण्यासाठी पर्सेंटाइलची रीत योजिली आहे. सांख्यिकीच्या मराठी पुस्तकांत यास ‘शतमक’ म्हणतात.

रीत सोपी आहे. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळविणारे किती, हे मोजावे. त्या संख्येस सत्रातील एकूण परीक्षार्थींच्या संख्येने भागावे आणि १०० ने गुणावे. आलेला आकडा म्हणजे आपले पर्सेंटाइल. समजा, सकाळच्या सत्रात १०,००० विद्यार्थी बसले. त्यांतील एकीस ९६ गुण मिळाले आणि ९६ किंवा त्याहून कमी गुण मिळविणारे ८,२०० निघाले. तिचे पर्सेंटाइल ८२ झाले. दुपारच्या सत्रातही १०,००० च विद्यार्थी होते, पण प्रश्न कठीण निघाले. तेथे एकास ८८ गुण मिळाले आणि ८८ किंवा त्याहून कमी गुण असणारे ८,६०० ठरले. त्याचे पर्सेंटाइल ८६ झाले. गुण आठांनी कमी असूनही यादीत तो तिच्या पुढे जाईल.

यावरून तीन गोष्टी समजून घ्याव्यात. ८२ पर्सेंटाइल म्हणजे ८२ टक्के गुण नव्हेत. वरच्या उदाहरणात २०० पैकी ९६, म्हणजे ४८ टक्केच गुण होते. पर्सेंटाइल हे आपले स्थान सांगते, आपली उत्तरपत्रिका सांगत नाही. दुसरी गोष्ट, एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलांची सरासरी नसते. एकूण गुणांवरून ते स्वतंत्रपणे काढले जाते. तिसरी गोष्ट, अपूर्णांकास येथे मोठी किंमत असते. एखाद्या गटात दोन लाख परीक्षार्थी असतील तर एक पर्सेंटाइल म्हणजे २,००० विद्यार्थी आणि दशांश पर्सेंटाइल म्हणजे २०० विद्यार्थी. म्हणूनच हा आकडा दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत काढतात. यादीच्या मध्यावर एकाच गुणाशी शेकडो विद्यार्थी दाटलेले असतात. तेथे चारपाच प्रश्न अधिक सुटले तर विद्यार्थी बरीच मोठी उडी घेतो. ‘आपण काही पहिल्यांत येणार नाही, मग दोनचार गुणांसाठी कशाला झिजा?’ असे म्हणणाऱ्या मध्यम विद्यार्थ्याने हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. दोनचार गुणांचे मोल सर्वांत अधिक त्यालाच आहे.

शेवटचा गुण आणि पसंतीक्रम

‘अमुक महाविद्यालयास किती पर्सेंटाइल लागतात?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो मागील वर्षी तेथे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा असतो. तो कोणी आधी ठरवून दिलेला नसतो. जागा किती होत्या, अर्ज किती आले, विद्यार्थ्यांनी कोणती महाविद्यालये वर लिहिली, कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा होत्या, यांवरून तो घडतो आणि दरवर्षी हलतो. जुनी सरकारी व अनुदानित महाविद्यालये शुल्काने स्वस्त म्हणून तेथील आकडा उंच असतो. नव्या खाजगी महाविद्यालयांत तो पुष्कळ खाली येतो. मागील वर्षांचे आकडे अवश्य पाहावेत, परंतु ते पर्जन्यमानाच्या नोंदीसारखे समजावेत. त्यांवरून अंदाज बांधता येतो, हमी मिळत नाही.

केंद्रीय प्रवेश-प्रक्रियेत विद्यार्थी आपल्या पसंतीची महाविद्यालये क्रमाने लिहून देतो. यादीत जो वर, त्याचा विचार आधी होतो. आणि त्याच्या पसंतीत जे सर्वांत वरचे व शिल्लक असेल ते त्यास मिळते. यातून एक सरळ नियम निघतो. जे खरोखर सर्वांत हवे ते पहिले लिहावे. ‘ते मिळणार नाही’ म्हणून खाली ढकलू नये. वरची जागा न मिळाल्याने खालच्या पसंतीचा हक्क कमी होत नाही. मात्र उलट क्रमाने लिहिले आणि नको तेच आधी मिळाले, तर दोष कोणास देणार? पहिलीच पसंती मिळाली म्हणजे ती स्वीकारावी लागते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होते, हेही ध्यानात असावे. महाविद्यालयास फार्मसी परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पसंती लिहिण्यापूर्वीच पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलेल्यास नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीवाचून ही विद्या व्यवसायाच्या कामास येत नाही.

सीमेवरच्या विद्यार्थ्याची अडचण

येथवर सांगितले ते सर्वांना लागू आहे. आता जे सांगावयाचे ते विशेषतः आपल्यासाठी. आपले गाव महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहे. आपली बोली, नातीगोती, बाजारहाट जव्हार-तलासरीशी जोडलेले आहेत. आपण मराठीतून शिकतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने आपला प्रदेश निराळा आहे. १९५४ साली पोर्तुगीज सत्ता येथून गेली, ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात रीतसर विलीन होऊन केंद्रशासित प्रदेश झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. तो महाराष्ट्रात नाही आणि गुजरातेतही नाही. या इतिहासाचा परिणाम प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यावर होतो.

महाराष्ट्राच्या राज्य-कोट्यातील जागा तेथून दहावी-बारावी झालेल्या वा तेथील अधिवास असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठरलेल्या अटींनुसार राखून ठेवलेल्या असतात. येथील शाळेतून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी, त्या अटींत बसत नसल्यास, अखिल भारतीय उमेदवार म्हणून गणला जातो आणि त्यास उपलब्ध असणाऱ्या जागा मोजक्या असतात. तेच ८६ पर्सेंटाइल तलासरीच्या मुलास एक महाविद्यालय मिळवून देतील आणि खानवेलच्या मुलास कदाचित देणार नाहीत. गुण तेच, रांग वेगळी.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याचेही असेच आहे. आपल्या प्रदेशासाठी राष्ट्रपतींचा स्वतंत्र आदेश १९६२ साली निघाला. त्यात वारली, कोकणा, धोडिया, काथोडी इत्यादी सात जमातींची नोंद आहे. वारली व कोकणा या जमाती महाराष्ट्राच्या यादीतही आहेत. तथापि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागेस आपोआप चालत नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हाच निर्णय दिला. अनुसूचित जमातीचा दर्जा हा त्या त्या राज्याच्या संदर्भात दिलेला असतो, असे त्यामागील तत्त्व आहे. म्हणून ‘आपली जमात तिकडच्या यादीतही आहे’ एवढ्यावर विसंबून अर्ज भरू नये. राखीव प्रवर्गाचा अर्ज ऐन वेळी खुल्या प्रवर्गात गेला, तर आखलेले सारे गणित कोसळते.

मग आपल्या विद्यार्थ्याने करावे काय? प्रथम आपल्याच प्रदेशातील संधी पाहावी. सिल्वासाजवळ सायली येथे एस. एस. आर. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय असून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. येथील विद्यार्थी घरी राहून तेथे शिकू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. वसतिगृहाचा खर्च वाचला तर पुष्कळ घरांना मुलीस शिकविणे शक्य होते. त्यानंतर ज्या राज्यांत जावयाचे त्यांच्या माहितीपुस्तिका दहावीच्या सुटीतच मिळवून वाचाव्यात. त्यांतील ‘उमेदवाराचा प्रकार’ हे प्रकरण आधी वाचावे, शुल्काचे नंतर. अकरावी-बारावी कोठे करावी, या निर्णयाचाही पुढील कोट्यावर परिणाम होतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. अधिवासाचा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांसाठी मामलेदार कचेरीत निकालानंतर गर्दी होते. ते काम आधीच्या हिवाळ्यातच उरकावे.

पदविकेची वाट

प्रवेश-परीक्षेत यश आले नाही तर सारे संपले, असे मुळीच नाही. महाराष्ट्रात पदविकेचा प्रवेश सामायिक परीक्षेवर होत नाही, बारावीच्या गुणांवर होतो. पदविका उत्तीर्ण झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेण्याची सोय परिषदेच्या नियमांत आहे. म्हणजे जो ९० मिनिटांच्या घाईत मागे पडला, त्यालाही दोन वर्षांच्या सावकाश परिश्रमाने पदवीपर्यंत पोहोचता येते. मात्र या वाटेवरही परीक्षा आहेच. पदविकाधारकांनी नोंदणीपूर्वी बाह्यगमन परीक्षा द्यावी, असे विनियम परिषदेने २०२२ साली केले आहेत. प्रवेशाच्या वेळी टळलेली परीक्षा निघण्याच्या वेळी भेटते, असे म्हणावयास हरकत नाही. औषधाच्या बाबतीत अशी खात्री करून घेणे समाजाच्या हिताचेच आहे.

एक दूरचा दाखला

परीक्षेच्या गुणांना किती महत्त्व द्यावे, हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत फार्मसी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी ‘पीकॅट’ नावाची परीक्षा गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून घेतली जात असे. जीवशास्त्र, रसायन, वाचन, गणिती विचार आणि लेखन हे तिचे भाग. तिचे गुणही २०० ते ६०० या मापावर व पर्सेंटाइलच्या रूपाने दिले जात. हळूहळू एकेक महाविद्यालय विद्यार्थ्याचे आधीचे शिक्षण, शिफारसपत्रे व मुलाखत यांवर अधिक भर देऊ लागले, परीक्षेची सक्ती उठत गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती परीक्षाच बंद झाली.

यावरून आपल्याकडचीही परीक्षा नको, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. आपल्याकडे परीक्षार्थी लाखांनी आणि जागा हजारांनी. शिफारसपत्रांचा व मुलाखतींचा मार्ग खुला केला तर ओळखीपाळखी असलेल्याचे फावेल आणि ज्याच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक आले आहे तो मुलगा मागे राहील. सर्वांना एकच कसोटी लावणारी परीक्षा अशा मुलाच्या बाजूची आहे. मात्र ती त्याला अनुकूल ठरावयाची असेल तर त्याला तयारीची साधनेही मिळाली पाहिजेत. शहरातील मुलगा सराव-परीक्षा पंचवीस वेळा संगणकावर देतो आणि आमचा मुलगा संगणकासमोर प्रथम बसतो तो खऱ्या परीक्षेच्या दिवशीच, हे अंतर गुणपत्रिकेत दिसत नाही, पण गुणांत उतरते. शाळांनी व पालकांनी लक्ष घालावयाचे ते येथे.

तयारीविषयी थोडेसे

महागड्या शिकवणीवाचून होणारी तयारीही पुष्कळ आहे. बारावीची पाठ्यपुस्तके ओळ न् ओळ वाचावीत, कारण ८० टक्के भार त्यांचाच आहे. प्रत्येक प्रकरण संपल्यावर घड्याळ लावून ९ मिनिटांत १० प्रश्न सोडवावेत. प्रत्यक्ष परीक्षेचा वेग हाच आहे. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून आठवड्याने पुन्हा सोडवावेत. शाळेतील वा ग्रंथालयातील संगणकावर निदान पाच पूर्ण सराव-परीक्षा द्याव्यात. पर्याय निवडणे, मागे जाणे, उत्तर बदलणे या हालचाली हाताच्या सवयीच्या झाल्या म्हणजे डोके प्रश्नासाठी मोकळे राहते. परीक्षाकेंद्र दूरच्या शहरात असल्यास आदल्या दिवशीच तेथे पोहोचावे. आणि नियम वर्षावर्षाला बदलत असल्याने शेवटचा शब्द त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेचा मानावा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणीचा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, पर्सेंटाइल हा आकडा दुसऱ्यांच्या तुलनेत आपण कोठे उभे आहोत एवढेच सांगतो. आपण किती प्रामाणिक आहोत, औषधाची मात्रा मोजताना आपला हात किती दक्ष राहील, घाबरलेल्या रुग्णाशी आपण किती धीराने बोलू, हे सांगण्याची शक्ती त्यात नाही. परंतु ज्या ठिकाणी हे गुण कामास यावयाचे त्या ठिकाणापर्यंत पोहोचण्यास मात्र त्या आकड्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून त्यास देव मानू नये आणि तुच्छही लेखू नये. साकरतोडच्या काठावरील या गावातून जो कोणी ही परीक्षा पार करून जाईल, त्याने वा तिने शिकून इकडे परत यावे, आणि येथील औषधाच्या खिडकीतून आपल्या माणसांना आपल्या बोलीत औषधाची वेळ समजावून सांगावी, अशी आम्ही इच्छा करितो.